रुमाल जपले, पण वाचणार कोण?

संपादक महोदय,

जुन्या कागदांचे स्कॅनिंग झाले की वारसा जतन झाला, असे आपल्याकडे सरसकट धरले जाते. मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदांच्या बाबतीत तरी हे काम अर्धेच आहे.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर हजारो रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधून ठेवलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पेशवाईवर लिहिणारे आजही प्रामुख्याने याच खंडांचा आधार घेतात. उरलेल्या कागदांपर्यंत जायचे तर मोडी यावी लागते, आणि ती नुसती मुळाक्षरे घोटून येत नाही. शब्द सलग लिहिलेले, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शिवाय प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. सालसुद्धा ‘सीत अशरीन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत येते. ते शुहूर सन या मराठेशाहीतल्या कालगणनेचे ११२६, म्हणजे इसवी सन १७२५-२६, हे जाणकारालाच उमगते. कागद कसर आणि वाळवीपासून वाचवला, त्याचा सुंदर फोटो काढला, पण संगणकात त्यापुढे नुसता क्रमांकच असेल, तर तो कोणाला सापडणार?

२०२३ मध्ये मराठा कुटुंबांना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचकांची गरज एकाएकी सगळ्या महाराष्ट्राला कळली. गावोगावच्या कुटुंबांचे भवितव्य त्या वाचनावर अवलंबून होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही भोसले दरबाराचे मोडी कागद आहेत. तिथे तर भोवतालची भाषाही तमिळ.

मोडीचे वर्ग भरतात, शासनाचा पुराभिलेख विभाग परीक्षाही घेतो. तरुण मुले आवडीने शिकतात, हे मी पाहतो आणि मनापासून आनंद होतो. पण शिकल्यावर त्यांना जागा कुठे आहेत? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे मिळवली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. एवढ्या कष्टाने हाती आलेले कागद वाचायला पगारी माणूस नसावा, हे मला पटत नाही.

शासनाने प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मोडी वाचकाचे कायम पद निर्माण करावे. कंत्राटी नको, कारण एखाद्या दप्तराचे वळण अंगवळणी पडायलाच काही वर्षे जातात. स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत सूचीचे कामही बंधनकारक असावे: कागदाचे साल, गाव, त्यातली नावे आणि दोन ओळींचा गोषवारा. ही सूची सर्वांना मोफत पाहता यावी.

– मोडीचा एक अभ्यासक, सातारा