मागचा रिपोर्ट कुठून आणू, मंत्रिमहोदय?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी १२ तास उपाशी राहून मी सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी रक्त द्यायला गेले. दीड तास रांगेत उभी होते. नंबर आल्यावर खिडकीतून सांगण्यात आलं, "केमिकल संपलंय, पुढच्या महिन्यात या." तीन महिन्यांत मी तिसऱ्यांदा परत आले. रक्ताच्या तपासण्या मोफत आणि वर्षभर होतील, हा शब्द तुम्हीच दिला होता. भर सभेत दिला होता. मी तिथे बसले होते.

माझ्या नवऱ्याला ११ वर्षं मधुमेह. दर वेळी फक्त उपाशीपोटीची साखर बघायची आणि त्याच गोळ्या लिहून द्यायच्या, एवढंच चालायचं. उपाशीपोटीची साखर त्या सकाळचं सांगते. एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांचं सांगते, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटून राहते. ती तपासणी "इथे होत नाही". किडनी कसं काम करतेय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या तपासणीसाठी मशीन कधी बंद, तर कधी टेक्निशियन रजेवर. किडनी बिघडू लागली की लघवीत उतरणारं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, बघायला तर कुणी सांगितलंच नाही.

मग पायांवर सूज आली. मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मागचा रिपोर्ट आहे का?" नव्हता. कुठून असणार?

किडनी दुखत नाही, साहेब. निम्मं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा कित्येकदा नॉर्मलच्या आत राहतं. ०.७ चं १.२ झालं तर कागदावर दोन्ही आकडे ठीक दिसतात, पण शेजारी शेजारी ठेवले की कळतं, काहीतरी बिघडतंय. ते शेजारी ठेवायला मागचा आकडा लागतो. आमच्याकडे तो कोरा होता, आणि आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस आहे. डायलिसिसमुळे फुगलेली हाताची नस नवरा बाहीखाली लपवतो. रात्री तहान लागली तरी पाणी मोजून पितो. मी शेजारी जागी असते.

त्याच इमारतीत खाली तुम्ही डायलिसिस केंद्राचं उद्घाटन केलंत. ते हवंच होतं, त्याच्यावरच आज माझं माणूस जगतंय. पण वरच्या मजल्यावर क्रिएटिनिनचं केमिकल नाही आणि त्यासाठी कुणी फीत कापत नाही. ही सगळी व्यवस्था माणूस पडेपर्यंत थांबते आणि पडल्यावर धावते. बाटलीभर केमिकलची फाइल टेबलावर पडून राहते, कारण वेळेवर केलेल्या तपासणीने जो आजारी पडलाच नाही, त्याचा फोटो निघत नाही. हे मी रागाने लिहितेय आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

मागणं फार नाही. साठा संपण्याआधी पुढचा यावा. प्रत्येक मधुमेहीची एचबीए१सी वर्षातून किमान दोनदा, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दरवर्षी व्हावं. आणि रिपोर्टवर मागचे आकडे छापून मिळावेत.

वर्षापूर्वी माझी स्वतःची एचबीए१सी ६.१ होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, तेव्हा आवरलं तर आवरता येतं. आज ती किती आहे, मला माहीत नाही. येत्या सोमवारी मी पुन्हा उपाशीपोटी त्या खिडकीशी उभी असेन.

आपली,
एका डायलिसिस रुग्णाची पत्नी