गवत आधीच उगवलेले आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या शिवारात बळ्ळारी नाल्याला लागून आमची सव्वा एकर भातशेती आहे. आहे म्हणायचे, एवढेच. नाला फुगला की आठ-आठ दिवस रोप पाण्याखाली जाते. पाणी उतरल्यावर भात कुजलेला असतो आणि बांधापर्यंत चढून आलेली जलपर्णी, पाणकणीस नि पॅरा गवत मात्र जोमात असते. त्यामुळे गवतापासून गाडीचे इंधन करतात असे कुठे वाचले की आमच्यासारख्याचे कान टवकारतात.

ही थाप नाही. पानिपतला इंडियन ऑइलच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्यापासून, म्हणजे आमच्या भाषेत पिंजरापासून, इथेनॉल काढतात. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. पण उसाच्या मळीत साखर तयारच असते, गवतातली साखर तंतूंत अडकलेली असते. ती सोडवायला आधी प्रक्रिया, मग महागडी विकरे (एन्झाइम), मग आंबवणे. एवढा कारखाना नाल्याकाठच्या गवतावर चालायचा नाही, आणि चालवायचा ठरवलाच तर पहिली नजर आमच्या जमिनीवर जाईल.

ती गेलीही आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक गृहस्थ आले. भात सोडा, नेपिअर हे चाऱ्याचे उंच गवत लावा, कंपनी ते उचलेल म्हणाले. उचलणार कधी, भाव ओल्या वजनावर की सुक्या, विचारले तर उत्तर नाही. सभासद फी किती ते मात्र तोंडपाठ. शिवाय नेपिअर साचलेल्या पाण्यात फार दिवस तग धरत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते किंवा सांगायचे नव्हते.

माझे म्हणणे वेगळे आहे. नवे काही लावू नका; जे माजले आहे तेच कापा, आणि इथेनॉलच्या मागे न लागता गॅस करा. गवत बारीक कापून शेणात कालवून हवाबंद टाकीत कुजवले की गॅस तयार होतो, त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो. चुलीला तो तसाच चालतो. कार्बन डायऑक्साइड, गंधकाचा वायू आणि ओल काढून दाबाखाली भरला की तोच सीएनजीच्या गाडीत चालतो. असा गाडीचा गॅस विकत घेण्याची केंद्राची 'सतत' योजना २०१८ पासून आहे आणि शहरी गॅस कंपन्यांना हा गॅस मिसळणे आता बंधनकारक आहे : २०२५-२६ साली एक टक्का, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

अडचण वजनाची आहे. हिरव्या गवतात तीन चतुर्थांश पाणी, जलपर्णीत तर नव्वद टक्क्यांच्या वर. ट्रॅक्टरभर जलपर्णी वीस-पंचवीस किलोमीटर नेणे म्हणजे डिझेल जाळून नाल्याचे पाणी फिरवून आणणे. म्हणून टाकी नाल्याजवळच हवी, लहान हवी, आणि शेजारी गोठे हवेत. वडगाव, जुने बेळगाव, अनगोळ इथे म्हशी अजून आहेत. पावसाळ्यासाठी मुरघास, म्हणजे हिरवे गवत हवाबंद दाबून मुरवलेले, करून ठेवता येतो. तो आपल्या गवळ्यांना नवा नाही.

आमच्या परड्यात वडिलांनी गोबर गॅस बांधला होता. म्हशी विकल्या आणि टाकी बंद पडली. आता तिच्यात माती भरून आईने केळी लावली आहे. तेव्हा गवत टाकून पाहिले होते, पण न कापता पेंड्याच्या पेंड्या टाकल्या. त्या वर तरंगल्या, जाड थर धरला आणि गॅस अडला. ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून मुद्दाम लिहितो : कटर मशीन आधी, टाकी नंतर.

दुसरी गोष्ट स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीची, जी खत म्हणून शेतात घालतात. पाणकणीस सांडपाण्यातले नत्र-स्फुरद शोषून घेते, म्हणून कापून बाहेर काढले तर नालाही हलका होतो. पण नाल्यात कारखान्यांचे पाणीही मिसळत असेल, तर जड धातू गवतातून स्लरीत येतील. तपासल्याशिवाय ती भातात घालू नये. आणि सगळा काठ एकदम भादरूही नये, पाणकोंबड्या त्यातच अंडी घालतात.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसाला पाटाचे पाणी देऊन देऊन खारवलेल्या, चिबडलेल्या जमिनी आहेत. तिथे ऊसही येत नाही, लव्हाळा येतो. गवत लावायचेच असेल तर आधी तिथे लावून बघावे. माहितीपत्रके मात्र कन्नडबरोबर मराठीतही काढावीत. सही करणाऱ्याला काय लिहिले आहे ते वाचता यायला हवे.

महापालिका दरवर्षी जलपर्णी काढते आणि काठावरच टाकते. पुढच्या पावसात ती पुन्हा नाल्यात. त्या खर्चातून एका ठिकाणी कटर आणि टाकी बसवून वर्षभर हिशेब ठेवावा, किती गवत गेले, किती गॅस आला. दिवाळीनंतर पाणी ओसरते, तेव्हा कोणी अधिकारी पाहायला येणार असतील तर मी बांधावर असेन. बूट घालून येऊ नयेत, चिखल गुडघ्यापर्यंत असतो.

आपला,
शहापूर शिवारातील एक भातशेतकरी, बेळगाव