वर्दीचा मान

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालास, "अण्णा, पीएसआयचा फॉर्म भरायचा की नाही तेच कळत नाहीये. पोलिसांबद्दल काही वाटेनासंच झालंय." मी "बघू" म्हणून फोन ठेवला, ते तुला लागलं असणार. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तीस वर्षं स्टेशन डायरी लिहिली, त्यामुळे कागदावर जरा बरं जमतं. म्हणून हे पत्र.

आधी जुनी गोष्ट काढतो. 24 सप्टेंबर 2024 ला सकाळी मी तुझं स्टेटस पाहिलं होतं. एका शब्दाचं होतं, "ठोकला", आणि पुढे आगीची चिन्हं. आदल्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत बदलापूर प्रकरणातला, शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी पोलिसांची गोळी लागून मेला होता. तुझी आई म्हणाली, "बरं झालं." गल्लीत पेढे वाटले, मुंबईत "बदला पुरा" असे फलक लागले. मी तेव्हा तुला काहीच बोललो नाही. तीच माझी चूक झाली, असं आता वाटतं.

तुझा राग मला कळत होता. चार वर्षांच्या दोन पोरी, शाळेतला सफाई कामगार. तू आणि तुझी तायडी त्याच वयाचे असताना मी तुम्हाला शाळेच्या फाटकात सोडून ड्युटीवर जायचो. पण सुजय, ऑगस्टमध्ये त्या पोरींच्या आईबापांची तक्रार नोंदवून घ्यायला बारा-बारा तास लावले ते कुणी? आपणच, पोलिसांनी. 20 ऑगस्टला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल अडवून धरल्या, ते शाळेवरच्या रागाने आणि आपल्यावरच्याही. आणि महिनाभरात त्याच खात्यावर लोक पेढे उधळायला लागले. मधल्या महिन्यात आपण कोणतं चांगलं काम केलं होतं? कुणाची तक्रार वेळेवर घेतली होती? एक गोळी सुटली आणि सगळी दिरंगाई धुऊन निघाली. माझ्या पोटात कालवलं ते त्यामुळे.

पुढे काय झालं ते तू वाचलंसच. गोळी झाडल्याच्या दोनच दिवसांत हायकोर्टाने विचारलं की चार पोलिसांना एक माणूस आवरला कसा नाही आणि गोळी पायाला किंवा हाताला न लागता डोक्यालाच कशी लागली. पोलिसांचं म्हणणं होतं की त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या. आयुष्यात कधी पिस्तूल न धरलेल्या माणसाला धावत्या गाडीत, चार जणांच्या मध्ये बसून ते इतक्या झटपट चालवता येतं का? फायरिंग रेंजवर मी नव्या पोरांचे हात पाहिलेत. स्लाइड मागे ओढताना निम्म्यांची बोटं घसरतात. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला, त्यात गाडीचा चालक धरून पाच पोलिसांकडे बोट दाखवलं होतं आणि पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते असंही होतं. एप्रिलमध्ये हायकोर्टाने विशेष पथक नेमून गुन्हा नोंदवायला सांगितलं. पुढे सुप्रीम कोर्टाने ते पथक पोलीस महासंचालकांनी नेमावं असा बदल केला. पाचही जणांच्या बाबतीत शेवटचा शब्द कोर्टाचा. मी त्यांना खुनी म्हणणार नाही. मेलेल्याबद्दल लोक जी घाई करतात, ती मला जिवंत माणसांबद्दलही करायची नाही.

आणि तेव्हापासून तू उलट्या टोकाला गेलास. "वर्दीतले गुंड" हा तुझाच शब्द, रविवारचा. आधी "ठोकला", आता "गुंड". दोन्ही वेळा तू माझ्या खात्याकडे पाहिलंच नाहीस असं मला वाटलं. पाहिलीस ती फक्त बंदूक.

अभ्यासात तू हे वाचलं असशील, तरी सांगतो. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 46, आता नव्या संहितेत 43. अटकेला विरोध करणाऱ्यावर लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार ते कलम देत नाही. आणि ज्याच्यावर तसा गुन्हा आहे, त्यालाही आपण शिक्षा द्यायला निघालेलो नसतो, फक्त कोर्टात न्यायला निघालेलो असतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना गोळी झाडावी लागली, तर कायदा पोलिसाच्या पाठीशी उभा आहे, आणि असायलाच हवा. गडचिरोलीत आपली पोरं काय काय झेलून आलीत ते मला ठाऊक आहे. पण तशी वेळ खरंच आली होती का, हे झाडणाऱ्याने सांगायचं नाही. ते दुसऱ्याने तपासायचं. एन्काउंटरनंतर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, लगेच बढत्या आणि पदकं देऊ नका, असे सोळा नियम सुप्रीम कोर्टाने घालून दिले ते मुंबईतल्याच एन्काउंटरच्या प्रकरणात. त्या निकालाची तारीख 23 सप्टेंबर 2014. मुंब्र्याला गोळी सुटली त्या दिवशी त्याला बरोबर दहा वर्षं झाली होती.

मी भरती झालो तेव्हा मुंबईतल्या एन्काउंटरवाल्या साहेबांची नावं आम्ही क्रिकेटपटूंसारखी घ्यायचो. कुणाचे किती झाले याचा हिशेब चहाच्या टपरीवर चालायचा. मीही त्यात होतो. मग 11 नोव्हेंबर 2006 चं लखनभैया या संशयित गुंडाचं प्रकरण आलं. वाशीतून माणूस उचलला आणि संध्याकाळी वर्सोव्याला नाना नानी पार्कजवळ तो "चकमकीत" मेला. त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवून ठेवले होते, म्हणून तो कागद तरी मागे राहिला. त्याच्याबरोबर उचललेला दुसरा माणूस महत्त्वाचा साक्षीदार होता. 2011 मध्ये साक्षीची वेळ जवळ आली आणि तो नाहीसा झाला, पुढे त्याचं प्रेत मिळालं. 2013 मध्ये सेशन्स कोर्टाने तेरा पोलिसांना दोषी ठरवलं. तेव्हा सुटलेले, एन्काउंटरसाठी गाजलेले अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. शिक्षा झालेल्यांत शिपाई आणि हवालदार दर्जाची माणसं होती, हे मला जास्त लागलं. साहेबाने गाडीत बस म्हटलं की बसणारी माणसं. म्हणजे माझ्यासारखी.

हैदराबादचंही तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतास. डिसेंबर 2019. तरुण पशुवैद्यक डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला जाळलं, आणि 6 तारखेला पहाटे चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पुलावरून पोलिसांवर पाकळ्या टाकल्या. चौकशीला आपल्याकडचेच निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर बसले. 2022 मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. त्यात दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस होती, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते असं म्हटलं होतं. पाकळ्या टाकणाऱ्यांतल्या कितींनी तो अहवाल वाचला असेल?

तू म्हणशील, कोर्टात न्याय मिळतो कुठे? तारखांवर तारखा, साक्षीदार फुटतात, आरोपी हसत बाहेर येतो. खरं आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात मी आयुष्याची किती वर्षं बसून काढली ते तुझ्या आईला विचार. पण आरोपी का सुटतात, त्याचं अर्धं उत्तर मला आतून माहीत आहे. आमच्या ठाण्यासमोर एक पानवाला होता. जवळपास प्रत्येक पंचनाम्यावर पंच म्हणून त्याची सही. बचावाच्या वकिलाने एकदा त्याला पिंजऱ्यात विचारलं, "आजवर किती पंचनाम्यांना गेलात?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मोजले नाहीत साहेब." संपली केस. चोरीची होती, पण ती बलात्काराचीही असू शकली असती. मुद्देमालाचं सील नीट नाही, जबाब दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेला, पंच घरचा. ही आमची कामं. ती धड न करता शेवटी गोळी झाडायची आणि लोकांनी म्हणायचं, पोलीस असावेत तर असे.

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट. तू तिसरीत असताना माझ्या कपाळाला सात टाके पडले होते. तुला सांगितलं होतं, दंगलीत दगड लागला. दंगल नव्हती. मी कैदी पार्टीला होतो. एका लहान मुलीवर अत्याचार केलेल्या आरोपीला तालुक्याच्या कोर्टात न्यायचं होतं. गावातले तीन-चारशे लोक फाटकात उभे. आम्ही पाच जण. गाडीपासून पायरीपर्यंत तीस पावलं असतील. त्याची बेडी माझ्या डाव्या हाताला बांधलेली. लोक त्याला ओढत होते, त्याच्यासकट मी ओढला जात होतो. मनगटाची साल निघाली. तो रडत होता, त्याच्या तोंडाचा वास माझ्या नाकात जात होता, आणि मला त्याची किळस येत होती. खोटं कशाला बोलू, त्या तीस पावलांत दोनदा मनात आलं की हात सैल सोडावा. कुणीही मला दोष दिला नसता. मी त्याच्या अंगावर वाकलो आणि दगड मला लागला. दगड मारणारा त्या मुलीचा बाप होता. त्याच्यावर गुन्हा नोंदवू नका, असं मी साहेबांच्या पाया पडून सांगितलं.

आरोपीला जन्मठेप झाली. अडीच वर्षं गेली त्याला. डॉक्टरांची साक्ष झाली, शेजारणीची झाली, आणि त्यातून कळलं की घरमालकाला सगळं माहीत होतं आणि त्याने तोंड दाबून ठेवलं होतं. तोही आत गेला. आरोपी त्या पायरीवरच मेला असता, तर घरमालक आजही गावात मिरवत असता. बदलापूरचंही मला तेच सलतं. आता त्या माणसाला साक्षी-पुराव्यावर दोषी ठरवणारा निकाल त्या पोरींना कधीच मिळणार नाही. त्याने काय केलं, कुणाला काय माहीत होतं, हे तो पिंजऱ्यात उभा राहून कधी बोलणार नाही.

आपल्या साताऱ्याचा माणूस आठव. जावळीतल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, हातात काठी. कसाबच्या एके-47 ची नळी धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या, पण सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. त्याला वकील दिला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं, आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. जिवंत सापडला म्हणून ते दहा जण कुठून आले, कुणी पाठवले, हे जगासमोर मांडता आलं. त्या रात्री कसाबला जागीच संपवला असता तर एका माणसानेही प्रश्न विचारला नसता. आमच्या ठाण्यात दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर सगळे गप्प उभे होते. इतका अभिमान मला वर्दीचा आधी वाटला नव्हता, नंतरही नाही.

हे सगळं लिहून मी मोठा साधू असल्याचा आव आणत नाही. माझ्या हातूनही घडलंय. मोबाइल चोरीच्या संशयावरून एका सतरा वर्षांच्या पोराला आणलं होतं. उलट बोलला म्हणून मी त्याला दोन कानशिलात लगावल्या. जोरात. सकाळी त्याची आई डबा घेऊन आली. पोराचा सुजलेला गाल बघितला आणि माझ्यापुढे हात जोडले. रागावली नाही, हात जोडले. मोबाइल दुसऱ्याच कुणाकडे सापडला. त्या पोराचं आता स्टँडमागे गॅरेज आहे. मला लांबून पाहिलं की तो आत जातो. तरुण पोरं पोलिसांचा मान ठेवत नाहीत, अशी तक्रार माझे निवृत्त मित्र रोज कट्ट्यावर करतात. मी ऐकून घेतो, आणि मला तो गाल दिसतो.

गेल्या आठवड्यात मुद्दाम स्कूटर घेऊन त्याच्याकडे गेलो. ब्रेक लागत नव्हते. त्याने मान खाली घालून काम केलं, लायनर बदलले, साडेतीनशे घेतले आणि सुट्टे परत दिले. मी पाच मिनिटं उगाच उभा राहिलो. शब्द तोंडापर्यंत आले होते. नाही निघाले.

फॉर्मचं तू ठरव. माझ्यासाठी भरू नकोस आणि माझ्या खात्यावर रागावून सोडूही नकोस. दिवाळीला घरी येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून ये. मला त्या गॅरेजवर परत जायचंय, आणि तू बरोबर असलास तर कदाचित मला बोलता येईल.

तुझा
अण्णा