त्साराची पुढची चाळीस वर्षं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कलावंतानं कुठलीच बाजू घ्यायची नसते, असं तू लिहिलंयस आणि साक्षीला ‘दादा’ या कलाचळवळीतल्या कवी त्रिस्तां त्साराला उभं केलंयस. वर्तमानपत्रातले शब्द कापायचे, पिशवीत घालून हलवायचे, एकेक काढत कागदावर उतरवायचे, की झाली कविता! ही त्याची कृती तू खोलीच्या भिंतीवर लावलीयस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं फ्रेंच शिकवताना मी या माणसाकडे पुन्हापुन्हा वळत आलेय. म्हणूनच सांगते, तू वाचलेला त्सारा सत्ताविसाव्या वर्षी थांबतो. तो जगला सदुसष्ट वर्षं.

त्याचं मूळ नाव सामुएल रोझेनस्टॉक. रुमानियाच्या मोल्दाव्हिया भागातल्या मोइनेश्ती या गावी १८९६ साली तो एका ज्यू घरात जन्मला. घरचा जंगल-लाकडाचा धंदा, खायप्यायला काही कमी नव्हतं. पण तिथल्या बहुतेक ज्यूंना त्या देशाचं नागरिकत्वच नव्हतं, ते मिळालं पहिल्या महायुद्धानंतर. पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहूनही सरकारदरबारी परके. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या कानाला ‘राष्ट्र’, ‘मानमरातब’, ‘परंपरा’ हे शब्द इतरांसारखे गोड लागले नसतील, असं मला नेहमी वाटतं.

सोळाव्या वर्षी त्यानं इयोन विन्या आणि मार्सेल यांको या मित्रांबरोबर बुखारेस्टमध्ये एक मासिक काढलं. १९१५मध्ये तो झ्युरिकला आला. स्वित्झर्लंड तटस्थ असल्यामुळे युद्धापासून पळालेले कितीतरी लोक तिथे जमले होते. ५ फेब्रुवारी १९१६ला ह्युगो बाल आणि एमी हेनिंग्ज या कलावंत जोडप्यानं श्पीगेलगासं नावाच्या गल्लीत ‘काबारे व्होल्तेर’ हा कविता-गाण्यांचा रात्रीचा अड्डा सुरू केला. पहिल्याच रात्री त्सारा तिथे हजर. एकोणीस वर्षांचा हा मुलगा कोटाच्या खिशांतून कवितांचे कागद काढून वाचत होता, असं बालनं रोजनिशीत नोंदवलंय. त्याच गल्लीत लेनिनही तेव्हा राहायला होता!

आता तारखा नीट बघ. काबारे उघडून जेमतेम दोन आठवडे होतात आणि २१ फेब्रुवारीला फ्रेंच आणि जर्मन सैन्यांमधली व्हर्दंची लढाई सुरू होते. ती डिसेंबरपर्यंत चालली, दोन्ही बाजूंचे मिळून तीन लाखांच्या आसपास सैनिक मेले. मार्चअखेर त्सारा, यांको आणि त्यांचा जर्मन साथीदार ह्युल्सेनबेक रंगमंचावर उभे राहून फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन भाषांत एकाच वेळी एक कविता म्हणतात. कुणाचं काहीच कळत नाही, नुसता कल्लोळ. त्या तीन भाषा बोलणारी माणसं त्याच दिवसांत खंदकांतून एकमेकांवर तोफा डागत होती. हे डोळ्यांपुढे ठेवून ती कविता पुन्हा वाच. मग ‘दादा म्हणजे काहीच नाही’ हे १९१८च्या जाहीरनाम्यातलं वाक्य कुणाच्या तोंडावर फेकलंय, ते तुला दिसेल. ज्यांनी सुंदर सुंदर शब्द वापरून पोरांना मरायला धाडलं, त्यांच्या तोंडावर. याहून ठाम बाजू कुठली असते रे?

काबारे बालचं, पण त्याची चळवळ केली त्सारानं. पत्रं लिहून लिहून त्यानं पॅरिसपर्यंत माणसं जोडली, १९१७मध्ये ‘दादा’ हे नियतकालिक काढलं. १९२०मध्ये तो स्वतःच पॅरिसला गेला. तिथले गोंधळ, मारामाऱ्या तुला पाठ आहेत, ते सोडते. एकच आठवण करून देते. १९२२मध्ये तिथला कवी आंद्रे ब्रतों याच्याशी बिनसलं तेव्हा ‘झ्युरिकहून आलेल्या चळवळीचा प्रवर्तक’ असा त्याचा जाहीर उल्लेख झाला. बाहेरचा, परका! क्रांतीची भाषा करणाऱ्या कवींनीच हे लिहावं, याचा मला आजही राग येतो.

१९२५ ते १९३० या काळात त्यानं ‘लॉम आप्रॉक्सिमातिफ’ (म्हणजे ‘अदमासे माणूस’) ही एकोणीस भागांची दीर्घ कविता लिहिली. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, पिशवीतली कविता नव्हे. त्यात भाषेवरचा अविश्वास आहेच, पण माणसाबद्दलची माया ओसंडून वाहते. ती आपण दोघांनी मिळून वाचायची, हे आत्ताच ठरवून टाक.

स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूनं उभा राहिला, १९३७मध्ये तिथे भरलेल्या लेखक परिषदेला गेला. १९४०मध्ये फ्रान्स पडला. त्सारा ज्यू, डावा आणि वर गाजलेला. तो दक्षिणेत लपूनछपून राहिला, काही काळ सुयाक या छोट्या गावात. तिथूनही तो नाझीविरोधी भूमिगत प्रकाशनांसाठी लिहीत होता. त्याच्या जन्मभूमीत, मोल्दाव्हियातल्या याश शहरात, जून १९४१मध्ये हजारो ज्यूंची कत्तल झाली. ज्याला शब्दांचा काही उपयोग नाही असं खरोखर वाटत असतं, तो जीव धोक्यात घालून कविता छापायला देईल का?

युद्धानंतर, १९४७मध्ये, त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालं आणि तो कम्युनिस्ट पक्षात गेला. पण १९५६मध्ये हंगेरीत जाऊन आल्यावर तिथल्या लेखकांच्या बाजूनं बोलला, पक्षाला खटकणार हे माहीत असूनही. १९६०मध्ये अल्जीरियातल्या युद्धाविरुद्ध १२१ जणांनी सह्या केलेल्या जाहीरनाम्यावर त्याचीही सही आहे. ज्या देशानं इतक्या उशिरा आपलं म्हटलं, त्याच देशाच्या सरकारविरुद्ध, चौसष्टाव्या वर्षी. तुझ्या वर्गातल्या मुलांनी निवेदनावर सही मागितली आणि तू त्साराचं नाव सांगून ती नाकारलीस, हे वाचून मला हे सगळं लिहिल्यावाचून राहवेना. सही कर किंवा करू नकोस, निर्णय तुझा. मात्र कारण तुझं स्वतःचं दे, त्साराच्या आड लपू नकोस.

डिसेंबर १९६३मध्ये तो पॅरिसला वारला. शेवटची काही वर्षं तो पंधराव्या शतकातल्या व्हियों या फ्रेंच कवीच्या कवितांमध्ये अक्षरं उलटसुलट जुळवून दडलेली नावं शोधत बसायचा. तरुणपणी शब्द पिशवीत घालून हलवणारा माणूस म्हातारपणी असा अक्षर न्‌ अक्षर मोजत का बसला असेल? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. तुला काय वाटतं, ते सविस्तर लिही.

तुझी,
आई