रस्त्याकडेचे तण मोजून जंगलाचा नकाशा होत नाही : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर बाजूची घाणेरी आणि रानमोडी ही परकीय तणे काढण्याआधी त्यांच्या फैलावाचा अंदाज सांगणारा नकाशा तयार होईल आणि त्यामागच्या नोंदी नागरिकांना पाहायला मिळतील, असा शब्द आम्हाला मिळाला होता. हाती आले ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचे एक चित्र. नोंदी कोणत्या महिन्यातल्या, किती ठिकाणच्या, कोणत्या वनस्पतीच्या, याचा एका ओळीचाही खुलासा नाही. त्या चित्रावर विसंबून काम मात्र सुरू झाले. ब्रश कटर यंत्राने घाणेरी जमिनीलगत छाटली आणि पाऊस पडताच त्याच खोडांना चहूबाजूंनी फुटवे आले. दिलेला शब्द मोडला गेला, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

त्या चित्रातले लाल पट्टे डांबरी रस्त्याच्या आणि पाड्यांकडे जाणाऱ्या वाटांच्या कडेने धावतात. तण तिथे आहेच, पण माणसेही तिथेच चालतात आणि नोंदीही तिथेच होतात. असे नकाशे बनवणारी मॅक्सएंटसारखी संगणक-प्रणाली फक्त 'आढळले' एवढ्याच नोंदींवर चालते. आढळलेल्या जागा आणि आसपासच्या यादृच्छिक जागा यांची ती तुलना करते. नोंदी वाटेवरच्या आणि तुलनेच्या जागा साऱ्या जंगलातल्या घेतल्या, तर प्रणाली वाट ओळखायला शिकते, तण नव्हे. यावर दोन उपाय आहेत : तुलनेच्या जागाही वाटांच्या तेवढ्याच पट्ट्यातून घ्यायच्या, किंवा जिथे तण नाही तिथेही जाऊन 'नाही' असे लिहून आणायचे. दुसरा उपाय कष्टाचा आहे. आमचा आग्रह त्याचाच आहे.

आता हवामानाचे पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे आहे. या कामात सर्रास वापरली जाणारी पाऊस-तापमानाची माहिती सुमारे एक किलोमीटरच्या चौकटींत मिळते, म्हणजे अख्ख्या उद्यानाला जेमतेम शंभरेक चौकटी, आणि त्यांत फारसा फरकही नसतो. येऊरच्या एका उतारावर घाणेरी का माजली आणि शेजारच्या घळीत का नाही, हे त्या माहितीतून कधीच कळणार नाही. ते ठरते झाडोऱ्याच्या सावलीवर, उतारावर, वणव्यावर, गुरांच्या वावरावर आणि खणलेल्या मातीवर. हे थर नकाशात घातलेच नाहीत, तर पुढचे सगळे गणित व्यर्थ आहे.

दोन्ही तणांना 'झुडपी तण' म्हणून एकाच रंगात रंगवणे ही तर मूळ चूक आहे. घाणेरीची काळी फळे बुलबुल, साळुंक्या खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. रानमोडीचे हलके, केसाळ बी वाऱ्यावर जाते, कपड्यांना आणि वाहनांनाही चिकटते. उपग्रहातूनही दोघी वेगळ्या दिसतात. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांतला एक ठिपका १० मीटरचा असतो आणि ती चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात, पण पावसाळ्यात ढगांमुळे ती कामाची नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग आणि सावरीची पाने गळली की ओलाव्याच्या जागची घाणेरी खाली हिरवी दिसते. रानमोडी तोवर वाळत आलेली असते. ती टिपायची तर डिसेंबर-जानेवारीत, फुलावर असताना. सदाहरित छायेखालचे तण उपग्रहाला दिसत नाही. तिथे पायीच जावे लागते.

ते कसे करायचे, तेही सांगतो. उद्यानाच्या ५०० मीटरच्या चौकटी पाडल्या तर चारशेहून थोड्या अधिक होतात. रस्त्यापासूनचे अंतर आणि छाया यांनुसार गट करून त्यांतल्या एक-तृतीयांश चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. प्रत्येकीत १० मीटर त्रिज्येची तीन वर्तुळे. प्रत्येक वर्तुळात दोन्ही तणांचे आच्छादन वेगवेगळे लिहायचे : शून्य, ५ टक्क्यांपर्यंत, २५, ५०, ७५ आणि त्याहून जास्त. जोडीला उंची, फूल-फळ, झाडोऱ्याची सावली, वणव्याच्या खुणा. दाट झाडीत मोबाईलचा जीपीएस सहज १० मीटर सरकतो, म्हणून उपग्रहचित्राचा एकच ठिपका न घेता भोवतालच्या नऊ ठिपक्यांची सरासरी घ्यावी. काही वर्तुळे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावीत, म्हणजे नजरेतून किती सुटते ते कळते. आणि दरवर्षी तीच वर्तुळे. एका वर्षाच्या नोंदी तण कुठे आहे एवढेच सांगतात. ते कुठे निघाले आहे हे किमान दोन-तीन वर्षांच्या नोंदींशिवाय कळत नाही. पसरण्याचा वेग न मोजता फैलावाचा अंदाज सांगणे ही लोकांची फसवणूक आहे.

नकाशाच्या तपासणीत तर डोळ्यांत धूळ जाते. शेजारशेजारच्या नोंदी चिठ्ठ्या टाकून, काही प्रणालीला शिकवायला आणि काही तपासायला अशा विभागल्या की अचूकता फुगते, कारण तपासायची जागा शिकवलेल्या जागेपासून हातभर अंतरावर असते. बोरिवली बाजूच्या नोंदींवर नकाशा बनवा आणि येऊरला तपासा. तिथे टिकला तरच आम्ही तो मानू.

घाई का, तर कारवीच्या झुडपांमुळे. आमच्या डोंगरांतली कारवी २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. दाट कारवीखाली एरवी दुसरे काही सहज शिरत नाही, पण ती मेली की उतार उघडे पडतात आणि नवी रोपे अजून लहान असतात. तणाला शिरायला हीच संधी. त्यात ठाणे-बोरिवली बोगद्यासाठी माती हलते आहे, वाहने ये-जा करत आहेत. या काळात नोंदी झाल्या नाहीत, तर पुढची संधी आठ वर्षांनी.

काढण्याची रीतही ठरलेली आहे. घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, मुळाला माती लागू द्यायची नाही. फळ पिकण्याआधी. रानमोडी फुलाआधी मुळासकट उपटायची, जाळायची नाही. वणव्यानंतर ती बुंध्यातून पुन्हा येते आणि मोकळी जमीनही तिलाच मिळते. पुढची निदान तीन वर्षे नवी रोपे उपटत राहायचे, कारण मातीतले बी संपलेले नसते. सुरुवात दूरच्या, लहान, सुट्या पुंजक्यांपासून करायची, कारण फैलाव त्यांच्यातूनच वाढतो.

पण निविदा निघते हेक्टरवर! ठेकेदाराला पैसे छाटलेल्या क्षेत्राचे मिळतात, म्हणून तो रस्त्यालगतचा सर्वांत मोठा, दाट पट्टा धरतो आणि लांबचा लहान पुंजका तसाच राहतो. फुटवे आले की पुढच्या वर्षी तोच हेक्टर, तीच निविदा. वृक्षलागवडीतही हेच झाले. रोपांची संख्या मोजली, जात पाहिली नाही, म्हणून सुबाभूळ आणि गिरिपुष्प सरकारी हातांनीच डोंगरांवर आले. त्याची किंमत पाड्यांवरचे लोक मोजतात. त्यांच्या रानभाज्यांच्या जागा आणि गुरांचे गवत तणाखाली गेले, आणि सभेत त्यांना बोलायला शेवटची दोन मिनिटे मिळतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींबद्दल तरतूद आली. कायदा दिल्लीत बदलला तरी येऊरच्या उतारावर हजेरीपटापलीकडे काही बदललेले आम्हाला दिसत नाही, याचा संताप येतो.

आमची मागणी अशी. सध्याच्या चित्रामागच्या सर्व नोंदी तारीख आणि अक्षांश-रेखांशांसह महिनाभरात खुल्या करा. तोवर ब्रश कटरचे काम थांबवा. येत्या डिसेंबरात वर्तुळांची मोजणी सुरू करा आणि त्यात पाड्यांवरच्या माणसांना रोजंदारीवर घ्या; कोणत्या घळीत काय उगवते हे त्यांना ठाऊक आहे. ठेक्याचे निम्मे पैसे तिसऱ्या वर्षी, त्याच जागेची पुन्हा मोजणी झाल्यावरच द्या. मोजणीसाठी आम्ही विनामोबदला यायला तयार आहोत. उत्तर लेखी हवे आहे, तारखेसह.

आपले,
येऊरच्या जंगलातील वनस्पतींच्या नोंदी ठेवणारे ठाणेकर