परळीच्या एसटीचा रस्ता

सातारा,
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू विचारलंस, "दौड पुरी केलीस का रे?" आणि मी नुसतं "हो" म्हणून फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि गळाही दाटून आला होता. म्हणून आज शटर ओढल्यावर निवांत लिहायला बसलोय.

रविवारी दहा किलोमीटर पळालो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. १ तास २४ मिनिटं लागली. घाटात दोनदा चाललो, पण दौड अर्धवट सोडली नाही.

दौड डायलिसिसच्या, म्हणजे किडनी निकामी झाल्यानं यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागणाऱ्या पेशंटांसाठी होती. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होतं, हे तुला माहीतच आहे. पण गाडीभाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, दुपारचं खाणं हे कुठल्या योजनेत बसतं? आठवड्यातून दोनदा, कुणाला तीनदा, दर खेपेला चार-चार तास, तेही वर्षानुवर्षं. लांबच्या वाडीवरचा माणूस एक खेप चुकवतो, मग दुसरी चुकवतो, तो या वरखर्चापायी. दौडीचे पैसे त्या गाडीभाड्यासाठी जाणार, असं कळलं आणि मला सज्जनगडाखालच्या परळीची सकाळची एसटी दिसली. डायलिसिसला निघालेले माझे वडील, आबा, खिडकीशी बसलेले, मांडीवर डबा. मग मी पुण्याला नोकरीत असतानाची ती दोन वर्षं आठवली. तुझ्या हिरो होंडावर मागं बसलेले आबा, उजवा हात तुझ्या खांद्यावर, डावा छातीशी जपून धरलेला.

तो डावा हात आठवतो ना तुला? फिस्चुला केलेला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शीर धमनीला जोडलेली. मनगटाच्या वर शीर फुगलेली, बोट ठेवलं की आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखी थरथर लागायची. आबा सकाळी उठले की आधी तिथं दोन बोटं ठेवून डोळे मिटायचे. थरथर लागली की मगच चहाचा कप हातात घ्यायचे. घरात कुणी काही बोलायचं नाही तोवर.

नाव घातलं त्याच दिवशी कळलं की नुसतं पळून भागणार नाही. दौडीच्या प्रवेश फीचा बराचसा भाग टी-शर्ट, पाणी, अ‍ॅम्ब्युलन्स यांतच जातो. खरा निधी उभा राहतो तो पळणाऱ्याने आपल्या ओळखीपाळखीत मागितलेल्या पैशातून. आणि मागणं मला आजवर कधी जमलं नाही. उधारी वसूल करायलासुद्धा मी मुलाला पुढं करतो. पंधरा दिवस पावतीपुस्तक गल्ल्याखाली तसंच पडून होतं.

ते बाहेर काढलं ते आपल्या गल्लीतल्या गुरुजींमुळे. रयत शिक्षण संस्थेत नोकरी करून निवृत्त झालेत, साखर न्यायला आले होते. पुस्तक बघून त्यांनी काय ते विचारलं, तिथंच पोत्यावर बसले आणि सांगू लागले. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे रयत काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. ते चालायचं कशावर, तर मुष्टिफंडावर. घरच्या बाईनं दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं. आणि ते पुरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे सगळं आपण शाळेत पाठ केलंय रे, पण गुरुजी म्हणाले, "अण्णा मागायला लाजले असते तर मी अंगठाच उठवत बसलो असतो. तू काय स्वतःसाठी मागतोयस होय?" पहिली पावती त्यांचीच फाडली, ₹ ५०१ ची.

मग मात्र मी थांबलो नाही. मार्केट यार्डातले एक व्यापारी रोख पाच हजार द्यायला निघाले होते. त्यांना सांगितलं, दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर देणगीवरची आयकर वजावट मिळत नाही, चेक द्या. त्यांनी सात हजारांचा चेक लिहिला. पण मला जन्मभर लक्षात राहील ती दुकानासमोर भाजी विकणारी मावशी. तिनं विचारलं, "तुमी पळल्यावर त्या पेशंटला पैसं कसं मिळत्यात?" मी समजावलं. ती म्हणाली, "मंग पळायचं कशाला, नुसतं मागा की." मला पटकन उत्तर सुचलं नाही. मावशीनं कनवटीची चुरगळलेली वीसची नोट काढली, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केली आणि मला दिली. तिची आमच्याकडं ३४० रुपये उधारी आहे. घेऊ की नको असं झालं. घेतली. पावतीवर तिचं पूर्ण नाव घातलं आणि तिला वाचून दाखवलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सुचतंय. मी पहाटे पळताना दिसायला लागलो म्हणून लोक विचारायला लागले. आणि विचारायला लागले म्हणून कळलं की आपल्याच पेठेत तीन घरी डायलिसिस चालू आहे. रोज दुकानात येणारी माणसं, पण इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

तयारीचंही सांगतो, तुलाही पळायचंय म्हणालास म्हणून. जूनमध्ये शाहू स्टेडियमवर मला सलग एक फेरी होईना. तिथं एक निवृत्त हवालदार येतात. त्यांनी घड्याळ बघायला लावलं: एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळणं थोडं वाढव, चालणं थोडं कमी कर. आणि पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर वेग उतरव. पाचव्या आठवड्यात मी उतावीळपणा केला, तीनवरून एकदम सहा किलोमीटरला गेलो. नडगी अशी धरली की नऊ दिवस घरी बसलो. हवालदार म्हणाले, दम महिन्याभरात वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मागून सावकाश येतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. हे तू नीट लक्षात ठेव. आणि बूट घेताना अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील असेच घे. माझे नेमके बेताचे निघाले. उतारावर पाय पुढं सरकून बोटं आपटत राहिली, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत.

रविवारी साडेसहाला राजवाड्यापासून सुटलो. भुरभुर पाऊस होता. समर्थ मंदिरापाशी वळताना बोगद्याकडून परळीची एसटी आली. पोलिसानं शिट्टी मारून तिला थांबवलं, आमचा घोळका जाऊ दिला. ड्रायव्हर खिडकीतून टाळ्या वाजवत होता. मी पळता पळता एसटीच्या खिडक्या बघत गेलो, एकेक करून.

मग यवतेश्वरचा घाट. तिथं माझ्या मांड्या भरून आल्या, छाती भात्यासारखी चालायला लागली. एका वळणावर पोरं हलगी वाजवत होती, तिच्या ठेक्यावर पाय आपोआप पडत राहिले. परतीच्या वळणावर पाण्याचं टेबल होतं. एका मुलीनं ग्लास पुढं केला, मी गटागटा प्यालो, तिनं लगेच दुसरा दिला. तोही प्यालो. आणि हातात रिकामा ग्लास धरून उभा राहिलो. किडनी चालत नाही म्हणून आबांना दिवसाला किती थोडं पाणी होतं आठव. सकाळी आई तांब्यात मोजून ठेवायची. उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरून ते बसायचे आणि म्हणायचे, "कासच्या तळ्याचं पाणी अख्ख्या साताऱ्याला पुरतं, मला तेवढं मोजून." मी त्याच कासच्या रस्त्यावर उभा होतो. अजिंक्यतारा ढगातून अर्धा दिसत होता. त्या पोरीनं विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" मी मान हलवली आणि उताराला लागलो.

उतार सोपा वाटतो, पण तोच मांड्या धरतो. आज तिसरा दिवस, अजून जिना उतरताना कठड्याला धरावं लागतंय. घाटात पळायचं ठरवलंस तर उतरायचाही सराव कर.

एकूण ₹ ४६,३७० जमले. ११८ पावत्या फाडल्या. गेल्या महिन्यात तू पाठवलेले दोन हजार त्यातच आहेत, पण तुझी पावती मी मुद्दाम मागं ठेवली होती. ती या पत्रासोबत आहे, आणि कंदी पेढ्यांचं पार्सल उद्या निघेल. पावतीवर 'कोणाच्या स्मरणार्थ' असा रकाना आहे. तिथं तुला न विचारता आबांचं नाव घातलंय.

तुझा,
जिवाभावाचा दोस्त