आईच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या घशाशी आम्ल येण्याच्या त्रासावर सर्जनांनी सुचवलेल्या जठराच्या बायपासचा विषय फोनवर निघाला की आई ‘बघू’ म्हणते आणि बाबा ‘या वयात पुन्हा ऑपरेशन?’ एवढे बोलून गप्प होतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सावकाश वाचा आणि जे पटणार नाही तिथे खूण करून ठेवा.

बाबा, आईचे पथ्य चुकते म्हणून तिला त्रास होतो, हे तुमचे मत मला मान्य नाही. वजन कमी करण्यासाठी आईवर आधी झालेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. त्या नळीचे खालचे तोंड पूर्वीसारखेच आवळलेले राहते, त्यामुळे आतला दाब वाढतो. आणि अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला कोन, जो एरवी झडपेचे काम करतो, तो बदललेला असतो. साहजिकच आम्ल वर चढते. त्यातच जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीकडे सरकलेला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर उरलासुरला अडसरही जातो. मध्यरात्री घशाशी आंबट येऊन ठसक्याने उठणे आणि मग उजाडेपर्यंत खुर्चीत बसून राहणे, याचा आईच्या जिभेच्या चोचल्यांशी काही संबंध नाही.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी गोळ्यांचा पुरेपूर उपयोग झाला आहे का, हे मात्र तपासू या. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतली तरच नीट लागू पडते. आई ती बहुधा जेवण झाल्यावर आठवेल तेव्हा घेते. उशांची चळत रचल्याने माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावरचा दाब उलट वाढतो, तेव्हा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे ठोकळे द्यावेत आणि आईने डाव्या कुशीवर झोपावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अन्ननलिकेची झडप सैल पडते आणि हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या काही गोळ्या अन्ननलिकेला टोचतात. आईच्या यादीत तशा आहेत का, हे डॉक्टरांना विचारा, पण परस्पर काही बंद करू नका. एवढे करूनही भागले नाही तर त्याचे कारणही उघड आहे: या गोळ्या आम्ल घटवतात, उलट येणारा प्रवाह थांबवत नाहीत. जळजळ कमी होऊनही आईचा खोकला आणि बसलेला आवाज तसाच आहे, तो बहुधा त्यामुळे.

एरवी अशा त्रासावर जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया करतात, पण आईचा तो घुमटच काढलेला आहे. म्हणून सर्जनांनी जठराचा बायपास सुचवला. त्यात वरचा साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करून त्याला लहान आतडे जोडतात. एवढ्याशा कप्प्यात आम्ल फारसे तयार होत नाही आणि पित्ताचा रस दुसऱ्या जोडातून एक ते दीड मीटर खाली येऊन मिळतो, त्यामुळे तोही घशापर्यंत पोचत नाही. एकच जोड असलेला ‘मिनी’ बायपास कोणी सुटसुटीत म्हणून सुचवला तर आपण थांबू या, कारण त्यात पित्तच वर येण्याची शक्यता असते आणि आपला मूळ प्रश्न तर वर येण्याचाच आहे.

वयाविषयी बाबांची भीती अनाठायी नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुने चिकटलेले भाग सोडवावे लागतात, आणि जोड गळणे, रक्तस्राव, रक्ताच्या गुठळ्या हे धोके पहिल्या खेपेपेक्षा अधिक असतात. मात्र वजनाच्या शस्त्रक्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही; भर आहे तो इतर आजार आणि शरीराचा अशक्तपणा पारखण्यावर. जन्मतारखेपेक्षा आईचे हृदय, फुप्फुसे, चालण्याची ताकद आणि स्नायूंची स्थिती काय सांगते, ते मला ऐकायचे आहे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती आईची गुडघेदुखीची गोळी. बायपासनंतर त्या जातीच्या, म्हणजे सूज आणि वेदना दोन्ही कमी करणाऱ्या, गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडाजवळ अल्सर होऊ शकतो. गुडघ्यांसाठी दुसरा उपाय आधी सापडला पाहिजे; नाहीतर रात्रीची झोप परत मिळेल आणि दिवसाचे चालणे जाईल. शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागेल, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागेल, आणि गोड खाल्ल्यावर घाम व धडधड होऊ शकते. आई गोळ्या विसरते, तेव्हा ही जबाबदारी बाबांनी घ्यायची तयारी असेल तरच पुढे जावे. वजन आणखी उतरेल, या आशेवर तर मुळीच होकार देऊ नका. दुसऱ्या खेपेला ते फार उतरेलच असे नाही.

माझे मत विचाराल तर ते तपासण्यांवर ठरेल. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला खोल व्रण दिसले, किंवा तिच्या अस्तराचा पोत बदललेला, ज्याला बॅरेट म्हणतात तो, आढळला आणि आईची प्रकृती भूल सोसण्याजोगी ठरली, तर मी शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. बॅरेटमधून पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण कमी असले तरी तो धोका उरतोच, त्यामुळे शस्त्रक्रिया झाली तरी दुर्बिणीने लक्ष ठेवावे लागेल. आम्ल खरोखर किती वर येते हे मोजणारी २४ तासांची चाचणी आणि अन्ननलिकेचे आकुंचन पाहणारी मॅनोमेट्री झाल्याशिवाय मात्र सही करू नका. अन्ननलिकाच क्षीण असेल तर सगळा हिशेब बदलतो. आणि नुसता हर्नियाच मोठा निघाला, तर तेवढाच दुरुस्त करून चालेल का, हेही विचारायला हवे.

आई, शेवटचा शब्द तुझा. बाबा घाबरतात म्हणून नको म्हणू नकोस आणि मी एवढे लिहिले म्हणून हो म्हणू नकोस.

त्या २४ तासांच्या चाचणीआधी आम्लाची गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात. ते दिवस आईला जड जातील, तेव्हा तारीख मला विचारून ठरवा; मी रजा काढून येते आणि रात्री तिच्याजवळ झोपते.

तुमची लाडकी,
ताई